ए-फ्रेम ट्रेलरचं छप्पर हाताने हलकं उचलता यावं म्हणून

ए-फ्रेम, म्हणजे गाडीमागे ओढायच्या आणि उघडल्यावर तंबूसारखं त्रिकोणी होणाऱ्या घडीच्या ट्रेलरचं छप्पर उघडताना कंबर धरू लागली की बहुतेक जण पहिली चौकशी करतात ती जास्त ताकदीच्या गॅस स्ट्रटची, म्हणजे छप्पर वर ढकलणाऱ्या वायूभरल्या दांड्याची. खरं तर स्ट्रट ही तिसरी पायरी. जड छप्परामागे कोरडी बिजागरी, चिकटलेलं रबर, तिरका उभा केलेला ट्रेलर, छप्परात मुरलेलं पाणी किंवा चुकीच्या जागी बसवलेलं सोलर पॅनल असू शकतं. हे न बघता दणकट स्ट्रट लावले तर छप्पर हलकं होण्याऐवजी बिजागरी उपटली जाते.

अमेरिकेत कॅम्पिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींत हा प्रकार दिसतो, कारण तो छोट्या गाडीमागेही ओढता येतो आणि उघडल्यावर चारी बाजूंनी टणक भिंती मिळतात. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी अस्वलांमुळे कापडी भिंतींच्या पॉप-अपला (छप्पर सरळ वर उचलायच्या घडीच्या ट्रेलरला) जागा देत नाहीत, तिथे या टणक भिंतींचं महत्त्व कळतं. रचना सोपी आहे. छप्पराचे दोन अर्धे असतात, एक पुढच्या टोकाला बिजागरीवर आणि दुसरा मागच्या. बंद असताना ते एकमेकांवर आडवे पडलेले असतात. उघडल्यावर दोन्ही मध्ये कण्यावर भेटतात आणि बाजूच्या त्रिकोणी भिंती आतून उभ्या करून खटके लावले की घर तयार.

खालची सगळी आकडेमोड एका नमुना ट्रेलरवर केली आहे: खोका (ट्रेलरचा खालचा भाग) १० फूट लांब, प्रत्येक अर्धा बिजागरीपासून मोकळ्या कडेपर्यंत ८४ इंच, उघडल्यावर उतार ४५ अंश. तुमची मापं वेगळी असतील, रीत तीच.

आधी मोजा

छप्पराचं एकूण वजन माहीत असून फारसा उपयोग नाही. हाताला जाणवतं ते मोकळ्या कडेवरचं वजन. ते मोजायला घरातला वजनकाटा आणि दोन बाय चार इंची लाकडाचा एक तुकडा पुरतो. काटा ट्रेलरच्या फरशीवर ठेवा, एकाने छप्पराची कड इंचभर उचलून धरा, दुसऱ्याने लाकूड काट्यावर उभं करून कडेच्या मधोमध टेकवा आणि आकडा वाचा. त्यातून लाकडाचं वजन वजा करा. लाकडाच्या माथ्यावर जुना टॉवेल गुंडाळा, नाहीतर आतल्या पातळ पत्र्याला खळगा पडतो.

दोन्ही अर्धे वेगवेगळे मोजा. आधी वरचा. मग त्याला पक्का टेकू देऊन खालचा. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगा किंवा स्ट्रट जागेवर असतील तर हा आकडा त्यांची मदत वजा जाऊन उरलेला आहे हे लक्षात ठेवा. जुने स्ट्रट काढून नवे लावायचे असतील, तर छप्पर दोन टेकूंवर घेऊन जुने सोडवा आणि पुन्हा मोजा. गणितात हा दुसरा आकडा घ्यायचा.

नमुन्यात स्ट्रटविना कडेवर ४५ पौंड आले असं धरू. म्हणजे बिजागरीभोवती छप्पर खाली फिरवणारा मोमेंट (जोर गुणिले बिजागरीपासूनचं अंतर) ४५ गुणिले ८४, म्हणजे ३७८० इंच-पौंड.

इथेच एक गोष्ट पाहून ठेवा. खालच्या अर्ध्याची मोकळी कड वरच्या अर्ध्याला कुठे टेकते? नमुन्यात ती वरच्याच्या बिजागरीपासून फक्त ३६ इंचांवर येते. म्हणजे खालच्याला धरून दोन्ही एकदम ढकलायला गेलात, तर वरचा अर्धा तुम्ही बिजागरीजवळ रेटत असता आणि ३७८० भागिले ३६, म्हणजे एकट्या वरच्यासाठी १०५ पौंडांचा जोर लागतो. दार कडीपाशी न ढकलता बिजागरीपाशी ढकलून बघा, तोच प्रकार. वरचा अर्धा त्याच्या स्वतःच्या मोकळ्या कडेने उचलला तर ४५ पौंडांत काम होतं. कुठला अर्धा आधी घ्यायचा ते मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तो क्रम पाळाच. दोन्ही एकत्रच उचलायची रचना असेल, तर मोजणीही दोन्ही एकत्र उचलून, हात जिथे लागतो तिथे करा.

स्ट्रट न लावता जे हलकं होतं

ट्रेलर समतल करा. डावी-उजवी पातळी चाकांखाली ठोकळे घालून आणा, मग पुढचा जॅक, आणि कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर (ट्रेलर हलू नये म्हणून असलेले टेकू) अगदी शेवटी. स्टॅबिलायझर जमिनीला टेकून थोडे आवळले की बस. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर चौकट पिळली जाते आणि छप्पराची एक बाजू घासायला लागते. खटके बोटाने सहज सुटत नसतील, एक घट्ट आणि समोरचा सैल असेल, तर चौकट पिळलेली आहे.

रबराच्या पट्ट्या उन्हात मऊ होऊन चिकटतात. पहिल्या दोन-तीन इंचांत छप्पर जड लागतं आणि मग एकदम सुटतं, तर दोष रबराचा. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर घेऊन हलका हात फिरवा. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

बिजागऱ्यांना तेल ओतून भागत नाही. सलग पट्टीच्या बिजागरीत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते, तिच्यावर तेल पडलं की सहाणेवरच्या गंधासारखी खळ तयार होते. आधी ब्रशने आणि हवेने साफ करा, मग कोरडं वंगण मारा. त्याच वेळी प्रत्येक स्क्रू पान्याने तपासा. नुसता फिरत राहणारा स्क्रू दिसला तर तिथे आरपार बोल्टची सोय झाल्याशिवाय स्ट्रटचा विचार करू नका.

आता पाणी. छप्पर म्हणजे दोन पातळ थरांमध्ये फोम, कडेने ॲल्युमिनियमची चौकट. आकाशखिडकी, हवेचा झरोका आणि कण्याजवळचे स्क्रू या तीन ठिकाणांहून पाणी शिरतं. अमेरिकन गॅलनभर पाणी म्हणजे ८.३ पौंड; दोन गॅलन मुरले की छप्परावर सोळा-सतरा पौंड वाढले. डाव्या आणि उजव्या कोपऱ्याखाली काटा लावून दोन आकडे घ्या. त्यात मोठा फरक असेल, बोटाने दाबल्यावर पृष्ठभाग दबत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर दुरुस्ती तिथली करायची. ओल्या छप्पराला स्ट्रट लावणं म्हणजे कुजक्या फळीत खिळा ठोकणं.

सोलर पॅनलची जागाही हिशेबात येते. १५ पौंडांचं काचेचं पॅनल बिजागरीपासून ६० इंचांवर असेल तर कडेवर १५ गुणिले ६० भागिले ८४, म्हणजे जवळजवळ ११ पौंड वाढतात. तेच पॅनल २० इंचांवर आणलं तर साडेतीन. भोकं पाडण्याआधी एवढं लक्षात आलं तर स्ट्रट बदलायची वेळही कदाचित येत नाही.

स्ट्रटचं गणित

एवढं करूनही हाताला जड असेल तर मग स्ट्रट. गाडीच्या डिकीला असतात तेच हे: नळीत दाबाखालचा नायट्रोजन, थोडं तेल आणि बाहेर येणारा दांडा. स्ट्रटवर छापलेली ताकद तो जवळपास पूर्ण उघडा असतानाची असते. पूर्ण दाबला की ती साधारण १.२ ते १.४ पट होते. हा फरक धरला नाही की सगळं चुकतं.

पहिला प्रश्न जागेचा. आतून लावावा असं वाटतं, पण ए-फ्रेममध्ये आत त्रिकोणी भिंती घडी होऊन पडलेल्या असतात. स्ट्रटचं वरचं टोक छप्पराला जाण्यासाठी त्यांच्याच पातळीतून जातं आणि भिंत मिटताना अडते. म्हणून बाहेरून, खोक्याच्या बाजूच्या भिंतीवर आणि छप्पराच्या कडेच्या चौकटीवर लावणं बहुतेक ठिकाणी सोपं पडतं. बाहेर लावायचे तर स्टेनलेस स्टीलचे घ्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ साध्या दांड्याचा मुलामा खातं आणि मग तो खडबडीत दांडा सील कापतो.

जागा ठरवायला पुठ्ठा आणि टाचणी घ्या. मोठ्या पुठ्ठ्यावर चौथाई मापात खोक्याची कड काढा, पुठ्ठ्याची पट्टी कापून छप्पर करा, बिजागरीच्या जागी टाचणी टोचा. आता स्ट्रटची दोन टोकं जिथे बसतील तिथे वेगवेगळ्या खुणा करून, पट्टी फिरवत बघा. प्रत्येक जागेत दोन मापं घ्यायची: स्ट्रटची लांबी, आणि बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. याला आपण भुजा म्हणू.

नमुन्यात छप्परावरची खूण बिजागरीपासून ३० इंचांवर घेतली. खोक्यावरची खूण बिजागरीपासून ८ इंच आत आणि ८ इंच खाली. मापं अशी येतात:

- छप्पर बंद: स्ट्रटची लांबी २३.४ इंच, भुजा १०.२५ इंच
- ४५ अंशांवर, भिंतींवर टेकलेलं: लांबी ३२.१ इंच, भुजा १०.६ इंच
- ६० अंशांवर, भिंती उभ्या करण्यासाठी जास्त उचललेलं: लांबी ३४.७ इंच, भुजा ९.४५ इंच

तिसरी ओळ विसरू नका. त्रिकोणी भिंत उभी करताना छप्पर नेहमीपेक्षा वर ढकलावं लागतं. स्ट्रट ४५ अंशांच्या मापाचा घेतला तर तो तिथेच अडतो आणि पुढे ढकललं की बॉलवर (गोल डोक्याच्या खुंटीवर) बसलेलं त्याचं टोक निघून हातात येतं. म्हणून पूर्ण उघडा ३६ इंच आणि पूर्ण दाबलेला साधारण २१ इंच असा स्ट्रट घ्यायचा. दोन्ही टोकांना थोडी मोकळीक राहते.

आता ताकद. बंद छप्पर उचलताना हाताला १५ पौंडांच्या आसपास राहावेत असं ठरवू. १५ गुणिले ८४, म्हणजे १२६०. ३७८० मधून ते वजा केले की स्ट्रटनी पेलायचे २५२० उरतात. दोन स्ट्रट, भुजा १०.२५, म्हणजे २५२० भागिले २०.५, प्रत्येकी १२३ पौंड. ही बंद अवस्थेतली ताकद. तेव्हा स्ट्रट बराचसा दाबलेला असतो, म्हणून १.२५ ने भागा: ९८. बाजारात १०० पौंडांचा, म्हणजे ४५० न्यूटनचा मिळतो. दहा मिलिमीटर दांडा आणि बावीस मिलिमीटर नळी या जाडीत तो सहज येतो.

उलट तपासणी करा. ४५ अंशांवर छप्पराचा मोमेंट ३७८० गुणिले ०.७०७, सुमारे २६७०. स्ट्रट तिथे प्रत्येकी १०६ पौंडांच्या आसपास देतात, मोमेंट सुमारे २२५०. छप्पर कडेवर पाच पौंडांनी खाली येऊ पाहतं, म्हणजे भिंतींवर बसून राहतं. ६० अंशांवर दोन्ही मोमेंट जवळपास सारखे, १९०० च्या आसपास. म्हणजे भिंत उभी करायला दोन्ही हात मोकळे मिळतात. यासाठीच हा सगळा खटाटोप.

कुणी म्हणेल, हाताला शून्य का नाही? कारण मग खटका सोडताक्षणी छप्पर तोंडावर येईल आणि वाटेत खटक्यांवर सतत वरचा ताण राहील. बंद अवस्थेत स्ट्रटचा मोमेंट छप्पराच्या मोमेंटपेक्षा कमीच असला पाहिजे.

बसवताना

लागणारं सामान प्रत्येक अर्ध्यासाठी: स्ट्रट दोन, बॉल स्टड असलेल्या पट्ट्या चार, ३/१६ इंच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या ३ बाय ५ इंचांच्या आधारपट्ट्या, १/४ इंची स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे), मोठे वॉशर आणि पाणी अडवणारी ब्युटाइलची चिकटपट्टी.

१. छप्पर साधारण ६० अंशांवर न्या आणि दोन दोन-बाय-चारच्या टेकूंवर ठेवा. टेकू पट्ट्याने बांधा. नुसत्या माणसाच्या खांद्यावर भरवसा ठेवून भोकं पाडू नका.

२. पुठ्ठ्यावरून मापं ट्रेलरवर उतरवा. छप्पराची खूण कडेच्या ॲल्युमिनियम चौकटीवरच आली पाहिजे, फोमवर नाही. फोमच्या पातळ पत्र्यात गेलेला स्क्रू सव्वाशे पौंडांच्या ओढीला महिनाभरही टिकत नाही.

३. खोक्याच्या भिंतीवर आतून आधारपट्टी ठेवा आणि बोल्ट आरपार घ्या. त्याआधी आत वायर किंवा कपाटाची फळी नाही हे बघा. बोल्ट आवळताना भिंत चेपू लागली तर थांबा. फोमच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळीचे भिंतीच्या जाडीएवढे तुकडे घालून बोल्ट त्यातून न्या.

४. बाहेरच्या पट्टीमागे ब्युटाइल लावा. इथे आळस केला तर वर लिहिलेला पाण्याचा प्रश्न तुम्हीच तयार करता.

५. स्ट्रटची नळी छप्पराकडे, दांडा खालच्या भिंतीकडे. दांडा खाली राहिला की आतलं तेल सीलपाशी राहतं. दोन्ही खुणा एकाच उभ्या पातळीत हव्यात. एक बाहेर, एक आत असेल तर दांड्यावर आडवा ताण येतो आणि तो लवकर गळतो.

६. दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकाच दिवशी लावा. एकच लावून चाचणी घेण्याचा मोह आवरा, छप्पर पिळतं.

७. टेकू काढण्याआधी छप्पर दोघांनी धरा आणि हळूहळू खाली आणा. शेवटच्या दोन इंचांत थांबून बघा की स्ट्रट पूर्ण दाबला जात नाही ना. नमुन्यात २३.४ वजा २१, म्हणजे जवळजवळ अडीच इंच शिल्लक राहतात.

बिजागरीबद्दल एक आकडा. बंद अवस्थेत हे स्ट्रट फक्त वर ढकलत नाहीत, छप्पराला बिजागरीपासून दूरही ढकलतात. नमुन्यात ही आडवी ओढ प्रत्येकी सुमारे ११७ पौंड आहे, दोन्ही मिळून २३५. ट्रेलर नुसता अंगणात उभा असतानाही ती चालूच असते. त्यामुळे सुरुवातीला बिजागरीचे स्क्रू तपासायला सांगितलं ते केवळ उपचार म्हणून नाही.

थंडी, ऊन, उंची

वायू थंड झाला की स्ट्रट मऊ पडतो. दर १८ अंश फॅरनहाइटला साधारण साडेतीन टक्के धरा. स्ट्रटची ताकद ६८ अंशांच्या आसपास मोजलेली असते. डोंगरात पहाटे ३२ अंश असतील तर सात टक्के ताकद जाते आणि नमुन्यात हाताला साडेचौदाऐवजी जवळजवळ सतरा पौंड लागतात. ॲरिझोनाच्या दुपारी १०४ अंशांत उलटं: हाताला बारा, आणि ६० अंशांवर छप्पर स्वतःहून दोन पौंडांनी वर राहू पाहतं. दोन्ही चालण्यासारखं आहे. पण थंडीत हाताला शून्य यावं म्हणून मोठा स्ट्रट घेतलात तर उन्हात तो आवरणार नाही.

छप्पर वर राहू लागलं की बंद करताना ते हाताला लागत नाही, विशेषतः उंची कमी असेल तर. मोकळ्या कडेला आतून एक इंची नायलॉनचा पाच फुटी पट्टा बांधून ठेवा आणि खाली ओढा. उघडताना शेवटचा टप्पा गाठायला साडेतीन फुटांची, टोकाला रबर लावलेली काठी पुरते.

स्ट्रट वाऱ्याविरुद्ध काही करत नाहीत. भिंती लागेपर्यंत छप्पर हे शीडच असतं. झुळका येत असतील तर दोघांनी उघडा, आणि तो पाच फुटी पट्टा एकाने शेवटपर्यंत धरून ठेवा.

क्रँकवाला पॉप-अप असेल तर

तिथे स्ट्रटची बात नाही. वजन विंच (क्रँकच्या दांड्याने फिरणारा केबल गुंडाळायचा रहाट), केबल, पुली आणि कोपऱ्यांतल्या सरकत्या खांबांतून जातं. क्रँक जड झाला की पुली अडकली आहे का, केबलचे तंतू तुटले आहेत का आणि खांब कोरडे आहेत का, एवढं बघा. दातांना ग्रीस लावा, पण ब्रेकच्या चकत्यांवर एक थेंबही नको. विंच घसरला तर छप्पर खाली. क्रँकला ड्रिल जोडून फिरवणारे बरेच आहेत. छप्पर वर पोचलेलं ड्रिलला कळत नाही आणि केबल तुटते. जोडायचाच तर क्लच हलक्यावर ठेवा आणि शेवटच्या पाच-सहा इंचांसाठी हाताने फिरवा.

नंतरची देखभाल

पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे नट पुन्हा आवळा. बॉलची टोकं दर हंगामाला ओढून बघा. क्लिप सैल वाटली तर ती बदला, वाकवून घट्ट करू नका. दांड्याला रंग, चिकटपट्टी किंवा जाड ग्रीस लावू नका, फक्त स्वच्छ फडक्याने पुसा. दांड्यावर तेलाची ओली रेघ दिसली की तो स्ट्रट संपला, आणि जोडीतला दुसराही त्याच्याबरोबर बदलायचा. जुना स्ट्रट कापू किंवा तापवू नका, आत दाब असतो. पुढच्या वसंतात पहिल्या सहलीआधी वजनकाटा पुन्हा काढून कडेचा आकडा घ्या आणि दाराच्या आत पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा. मागच्या वर्षी पंधरा आणि यंदा पंचवीस असेल, तर आधी छप्पराच्या कडा दाबून बघा, मग स्ट्रटकडे वळा.